काही झालं नाही

यवतमाळला विमानतळ आहे असं बाहेरगावच्या माणसाला सांगितलं, की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग आकाशाकडे. दोन्हीकडे त्याला काही आढळत नाही. पण विमानतळ आहे. शहराबाहेर भारी नावाचं गाव आहे, त्या गावाजवळ आहे. ‘आमचा विमानतळ भारी आहे’ हे वाक्य यवतमाळकर बढाई म्हणून बोलत नाही, पत्ता म्हणून बोलतो. धावपट्टी आहे, नाव आहे, वर आकाशही मुबलक आहे. रोजची प्रवासी विमानसेवा तेवढी नाही. ज्याला विमानानं जायचं असेल तो आधी सडकेनं नागपूर गाठतो. म्हणजे प्रवासातला जास्त धोक्याचा भाग तो विमानात बसण्यापूर्वीच उरकून घेतो.

त्याआधी आमच्याकडे शकुंतला होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी छोट्या रुळांची गाडी. ‘धावणारी’ हा शब्द सवयीनं लिहिला. अपघात व्हायला किमान जी गती लागते ती या बाईनं जन्मात कधी घेतली नाही, असं आमचे वडील म्हणत. आता ती गाडीही बंद आहे. अशा गावातल्या, कॉमर्स शिकलेल्या, बँकेत नोटा मोजणाऱ्या माणसाला विमान अपघातांची जागतिक वर्गवारी तोंडपाठ असावी, याचं कुणालाही नवल वाटेल. त्याचा दोष आमच्या मेव्हण्याकडे जातो.

मेव्हणा एका विमान कंपनीत सुरक्षा विभागात आहे. सुरक्षा म्हणजे प्रवाशांचे पट्टे आणि बूट काढायला लावणारी नव्हे. कुठे काय बिघडलं, किती बिघडलं आणि ते कोणत्या कप्प्यात टाकायचं हे ठरवणारी. दिवाळीला तो आमच्याकडे येतो आणि चार दिवस कप्प्यांत बोलतो. गेल्या दिवाळीत माझ्या हातून चिवड्याचा डबा सटकला आणि निम्म्यावर झेलला गेला. सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, “काय पडलं?” मी म्हणालो, “काही नाही!”

मेव्हणा गंभीर झाला. “भाऊजी, काही नाही कसं? ही घटना आहे. पडला असता तर अपघात होता.”

“पण पडला नाही ना!”

“तेच तर नोंदवायचं असतं,” तो म्हणाला आणि त्यानं बालूशाहीचा तुकडा मोडून प्रवचनाला सुरुवात केली.

तर सगळ्या जगाची विमानं एका करारावर चालतात. हा करार 1944 साली शिकागोला झाला. त्याला पुष्कळ परिशिष्टं आहेत. अपघातांच्या चौकशीचं जे परिशिष्ट आहे, त्याचा क्रमांक तेरा. आपल्याकडचं तेरावं मॉन्ट्रियलच्या त्या संघटनेला कुणी सांगितलं असेल, देव जाणे! पण क्रमांक अचूक पडला आहे.

या तेराव्यात तीन कप्पे आहेत : अपघात, गंभीर घटना आणि नुसती घटना. माणूस उड्डाणाच्या इराद्यानं विमानात चढला, तिथपासून सगळे खाली उतरेपर्यंतचा काळ धरायचा. (यवतमाळमध्ये इराद्याचा भाग पूर्ण आहे. उरलेल्याची वाट बघतो आहोत.) या काळात विमानामुळे कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं, किंवा विमानाची भक्कमपणाला बाधा आणणारी मोडतोड झाली, किंवा विमानच सापडेनासं झालं, तर तो अपघात. प्रवाशाला आत बसल्या बसल्या हृदयविकाराचा झटका आला तर मात्र अपघात नाही. आपल्या मरणानं मेलेल्या माणसाची नोंद ते विमानाच्या नावे टाकत नाहीत. हा हिशेब मला फार आवडला. आमच्या बँकेतही एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावे पडली की केवढा गोंधळ होतो!

जखम गंभीर केव्हा? सात दिवसांच्या आत दवाखान्यात भरती व्हावं लागलं आणि तिथे 48 तासांहून जास्त राहावं लागलं, तर गंभीर. हाड मोडलं तर गंभीर. पण हातापायाचं बोट किंवा नाक साधंसुधं मोडलं असेल, तर ते गंभीर धरायचं नाही.

“नाक?” मी ओरडलो. “आमच्याकडे नाकासाठी माणसं शेत विकतात! मुलीच्या लग्नात नाक राहावं म्हणून आमच्या बँकेतून कर्ज काढतात. अन् तुमच्या तेराव्यात नाकाला काही किंमतच नाही?”

“नुसतं मोडलं तर नाही,” मेव्हणा शांतपणे म्हणाला.

तीस दिवसांचाही एक नियम आहे. जखमी माणूस अपघातापासून तीस दिवसांच्या आत गेला तर ती जखम प्राणघातक म्हणून मोजायची. एकतिसाव्या दिवशी गेला तर आकड्यांत ती गंभीर जखमच राहते. ऐकून सौ. म्हणाली, “असं कसं हो? मेलेल्याला काय तारीख कळते?” मला मात्र काही वाटलं नाही. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की कर्ज बुडीताच्या वाटेवर, आणि तोवर तोच कर्जदार आमच्या कागदावर ‘स्टँडर्ड’! नव्वदाव्या आणि एक्क्याण्णवाव्या दिवसात त्याच्या खिशात काय फरक पडतो? खिशात नाही, आमच्या कागदात पडतो. कुठेतरी रेघ मारावी लागते, आणि रेघ कुठेही मारली तरी तिच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतातच.

मेव्हण्याकडे मग कप्प्यांची रांगच लागली. धावपट्टीवर नको त्या वेळी नको ती वस्तू आली तर तिच्याही ए, बी, सी, डी अशा प्रती आहेत. ए म्हणजे टक्कर अगदी थोडक्यात हुकली. डी म्हणजे घुसखोरी झाली पण तूर्त धोका काही नव्हता. आणि कुणाचा कुणाशी मेळ बसत नसेल, माहितीच अपुरी असेल, तर ई. आमच्या घरात फुटलेले सगळे कप या ई वर्गात मोडतात. त्याशिवाय धोका मोजायचा एक चौकोन असतो. उभ्या बाजूला किती वेळा घडू शकेल त्याचे पाच ते एक असे आकडे, आडव्या बाजूला किती वाईट होईल त्याची ए ते ई अक्षरं. पाच-ए म्हणजे वारंवार घडणारं आणि सत्यानाश करणारं. एक-ई म्हणजे कधी चुकून घडलंच तर कुणाच्या लक्षातही येणार नाही असं. मेव्हण्यानं हा चौकोन लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढून दिला. माझी पगारवाढ एक-ई मध्ये बसते, एवढं मी लगेच शोधून काढलं.

“म्हणजे माणूस जखमी झाल्याशिवाय तुमच्याकडे अपघात होत नाही,” मी समारोपादाखल म्हटलं.

“होतो की! रानडुकरांचं घ्या ना.”

रानडुक्कर म्हटल्यावर मी सरसावून बसलो. आमच्या जिल्ह्यात त्याला ओळखत नाही असा शेतकरी नाही. रात्रीतून तुरीचा पट्टा आडवा करतं. मग पंचनाम्यासाठी साहेबांची वाट बघायची आणि साहेब येईपर्यंत उरलेली तूर डुकरापासून राखायची. पण हे विमानात कुठून आलं? तर 4 डिसेंबर 2015 ला मुंबईहून गेलेलं एक विमान जबलपूरला उतरत होतं. धावपट्टीवर रानडुकरांचा कळप आडवा आला. टक्कर झाली, चाकांचा सांगाडा मोडला, विमान धावपट्टीवरून घसरलं. आतली माणसं सगळी सुखरूप. एकाचंही नाक मोडलं नाही. तरी विमान असं मोडलं की तो अपघातच.

“आणि गंभीर घटना?” मी विचारलं. “ती अपघातापेक्षा किती कमी?”

मेव्हणा पहिल्यांदाच थांबला. मग म्हणाला, “भाऊजी, तेराव्यात त्याचं उत्तर एका ओळीत आहे. अपघात आणि गंभीर घटना यांत फरक फक्त परिणामाचा. बाकी सगळं तेच.”

चिवडा खाता खाता ऐकायचं हे वाक्य नव्हतं. ते घशात अडकलं.

मग त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली आमच्या पिढीला आठवते. 26 एप्रिल 1993. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. चिकलठाण्याहून इंडियन एअरलाइन्सचं विमान मुंबईला निघालं. आत 118 माणसं. विमानानं जमीन सोडायला उशीर केला आणि धावपट्टी संपली त्याच्या पलीकडे बीडचा रस्ता होता. रस्त्यावरून ट्रक चालला होता. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या. विमानाचं डावीकडचं चाक आणि इंजिन ट्रकला लागलं. पुढे तीनेक किलोमीटरवर ते विजेच्या उच्च दाबाच्या तारांत गेलं आणि पडलं. 55 माणसं गेली. चौकशीत वैमानिकांची चूक निघाली, तशी दुसरीही एक निघाली : विमानांच्या वेळेला त्या रस्त्यावरची वाहनं थांबवायची व्यवस्था नव्हती.

कापसाच्या गाठी. आमच्या जिल्ह्याचं अख्खं वर्ष ज्या गाठीत बांधलेलं असतं, ती गाठ. हिवाळ्यात जिनिंगच्या वाटेवर असे ट्रक आम्ही रोज बघतो. एवढ्या निरुपद्रवी वस्तूचा विमानाशी असा संबंध येऊ शकतो, हे मनात येत नाही.

दुसरी गोष्ट 15 फेब्रुवारी 2020 ची, पुण्याची. दिल्लीला जाणारं विमान धावपट्टीवर वेगानं सुटलं होतं. तेवढ्यात वैमानिकाला समोर धावपट्टीवर एक जीप आणि एक माणूस दिसला. थांबणं शक्य नव्हतं. त्यानं ठरल्याआधीच विमान वर उचललं. शेपटीकडचा भाग धावपट्टीला घासला, पण विमान जीपच्या वरून गेलं आणि दिल्लीला सुखरूप उतरलं. एकाही माणसाला खरचटलं नाही.

“एकदा ट्रक, एकदा जीप,” मेव्हणा म्हणाला. “मधलं अंतर बघा फक्त. आता सांगा, दुसऱ्या वेळी काही झालं नाही असं म्हणायचं का?”

मी काही बोललो नाही, कारण मला आमची बँक आठवत होती. गेल्या हंगामात कापसाचे पैसे खात्यात जमा झाल्यावर एक शेतकरी दीड लाख काढायला आला. पाचशेच्या नोटांची तीन बंडलं द्यायची होती. मी चार दिली. पन्नास हजार रुपये जास्त! काउंटरला गर्दी, सर्व्हर मंद, चहा थंड. तो गृहस्थ बाहेरच्या टपरीपर्यंत गेला आणि परत आला. काचेच्या फटीतून बंडल आत सरकवून म्हणाला, “सायेब, एक जास्तीचं आलं ना जी. तुमाले भरा लागलं असतं.” संध्याकाळी कॅश पैशा पैशाला जुळली. मी साहेबांना हा प्रकार सांगायला गेलो. ते म्हणाले, “कॅश टॅली आहे ना? मग झालं काय?” काहीच झालं नव्हतं. बंडलं एकाच वेळी हातात घ्यायची माझी सवय, अपुरी माणसं, दुपारची ती वेळ, सगळं जिथल्या तिथे राहिलं. कमी पडलं असतं फक्त एक : त्या माणसाचं इमान. आणि त्याच्या इमानाच्या भरवशावर आमची शाखा सुरक्षित आहे, असं कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नाही. दहा रुपये कमी पडले असते तर तिथे माझी सही लागली असती.

विमानवाले म्हणे न झालेल्या गोष्टींचीच जास्त काळजी करतात. झालेल्या गोष्टी थोड्या असतात आणि फार महाग पडतात. न झालेल्या पुष्कळ असतात आणि फुकट शिकवतात. आपल्या देशात 2012 पासून अपघात आणि गंभीर घटना या दोहोंची चौकशी करायला वेगळा ब्युरो आहे. त्या चौकशीचा उद्देश तेराव्यात लिहून ठेवला आहे : पुन्हा असं होऊ नये, एवढाच. दोष कुणाच्या माथी मारणं हा उद्देश नाही.

“दोष द्यायचा नाही?” सौ.नं आतून विचारलं. “मग चौकशी करून उपयोग काय?” आमच्या घरातल्या चौकश्यांचा इतिहास बघता शंका रास्त होती.

मेव्हणा भाऊबीज करून गेला. त्याचं ते एका ओळीचं उत्तर मात्र माझ्याकडेच राहिलं. कारण आमच्या घरात एक गंभीर घटना बेनोंदीची पडून होती.

त्याच्या आधीच्या जानेवारीतली गोष्ट. मी मुलीला घेऊन आर्णी रोडनं घरी येत होतो. मुलगी तेरा वर्षांची. स्कूटर माझी, उशीर माझा, आणि हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर नव्हतं. समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडानं क्षणभर काही दिसेना. दिसलं तेव्हा डाव्या हाताला कापसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, काळोखात काळोखासारखी. मी हँडल वळवलं. कसं वळवलं ते आजही सांगता येणार नाही. डावा आरसा ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या कापसाला घासून गेला आणि आम्ही पुढे निघालो. शंभरेक पावलांवर स्कूटर थांबवली. पाय लटपटत होते. आरशाच्या दांडीला कापसाचा एक पुंजका अडकला होता. मुलीनं तो काढून हातात घेतला.

“लागलं का तुला कुठे?”

“नाही.”

“मग काही झालं नाही. आईला सांगू नकोस हं. उगाच घाबरेल.”

ती बरं म्हणाली. घरी आल्यावर सौ.नं विचारलं, “उशीर का झाला?” मी म्हणालो, “काही नाही, गर्दी होती.” मुलगी काही न बोलता आत गेली. चार बोटांचं अंतर हुकलं असतं तर ज्या गोष्टीसाठी उभा गाव जमला असता, तिचा निकाल मी दोन शब्दांत लावला होता. आणि न झालेलं कसं लपवावं हे पोरीला शिकवलं होतं, ते वेगळंच.

मेव्हणा गेल्यानंतर चार दिवसांनी, रात्री जेवताना, मी सगळं सांगून टाकलं. ट्रॉली, आरसा, हेल्मेट, काहीही गाळलं नाही. सांगून झाल्यावर चौकशी समिती आता उभी राहणार म्हणून मान खाली घालून बसलो.

सौ. पोळीवर तूप लावत म्हणाली, “माहीत आहे मला. तिनं त्याच रात्री सांगितलं.”

“त्याच रात्री? मग तू बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तुमचा चेहराच एवढा उतरला होता. म्हटलं, यांना कळायचं ते कळलं आहे.” मग थोडं थांबून म्हणाली, “तो कापूस दिला तिनं मला. सरकी काढली, वात वळली आणि देवापुढे लावली सकाळी.”

मला एकदम काही आठवलं. त्याच आठवड्यात स्कूटरचा दिवा अचानक लख्ख पडू लागला होता. मी समजत होतो, सर्व्हिसिंगवाल्याला माझी दया आली. माझं कार्यालय सुरू असताना ती स्वतः स्कूटर घेऊन मिस्त्रीकडे गेली होती. त्यानं तिला सांगितलं होतं, “ताई, हा दिवा तर आभायात पाहून ऱ्हायला. रस्ता कसा दिसन?” खिळ्यावर दोन हेल्मेटंही त्याच आठवड्यात आली होती. ती मी दिवाळीपर्यंत ‘सेलमध्ये मिळाली असतील’ म्हणून वापरत होतो.

चौकशी पूर्ण, कारण सापडलं, उपाय झाला, दोष कुणालाही नाही. तेरावं परिशिष्ट न वाचता! मेव्हण्याला हे फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताईला आमच्याकडे घेतलं पाहिजे.”

परवा संध्याकाळी मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “बाबा, सायकल घसरली होती आज, बसस्टँडच्या चौकात. काही झालं नाही. पण सांगते.”

मी पेपर बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं. कुठे वळत होतीस, ब्रेक कुठला दाबलास, रस्त्यावर वाळू होती का. चूक कुणाची हे मात्र विचारलं नाही. तेराव्यात बसत नाही ते.

चूक कुत्र्याची होती. ते तिनं आपणहून सांगितलं.